उद्याचा कागद

विजेच्या बिलाच्या पाठीवर, पेन्सिलीनं,
मी उद्याचा दिवस मांडते आहे.
जुरांदी म्हणतो, ओटिलिया मावशी, फोनमध्ये लिही ना.
फोन त्या बाजूला मुका होतो, बाळा.
निवडुंगांची रांग सुरू झाली
की रेघा एकेक करून विझतात.
कागद ओल्या हातांनीही वाचता येतो.

टाक्या सहा. दोघांच्या तीन-तीन.
एकीच्या झडपेपाशी सुस्कारा ऐकू येतोय,
ती आजच बदलून आण.
सुस्कारे टाकणारं कुणीच सोबत नेऊ नये.
रबराच्या चकत्या मूठभर. व्हिनेगर.
पिण्याचं पाणी दहा लिटर. हसू नकोस,
बोनेअरला चहूकडे पाणी आहे
आणि प्यायचं तेवढं कारखान्यातून येतं.

पहिली बुडी उत्तरेला, सगळ्यांत खोल,
नऊच्या आत, वारा जागा व्हायच्या आधी.
खुणेच्या दगडावरचा पिवळा रंग उडालाय.
त्याच्यापाशी एक पांढरी शेळी असते,
पण शेळीला खूण धरू नकोस,
मागच्या वर्षी दोन डच पोरं
तिच्यामागून थेट डोंगरात गेली होती.

खडक दाताळ आहे.
तिथं उभं राहून ऐट करायची नाही.
फिन्स पाण्यात गेल्यावर चढव,
आणि फेम्केला पुढं जाऊ दे,
तिचे गुडघे तुझ्याहून शहाणे आहेत.
जाताना प्रवाहाच्या तोंडावर जा,
येताना तो पाठीवर हात ठेवून आणेल.
दमल्यावर त्याच्याशी हुज्जत कोण घालणार?

हवेचे तीन वाटे.
एक जायला. एक यायला.
तिसऱ्यावर तुझा हक्क नाही, तो फेम्केचा.
तुझा तिच्या पाठीवर आहे.
(लग्नात पाद्री जे काही म्हणेल
ते याहून लांब असेल, एवढंच.)

ट्रकच्या काचा खाली, दारं उघडी, आत काही नाही.
चोराला बघू दे की काही नाही.
डबा मात्र झाडाला टांग,
गाढवांना फुंचीचा वास मैलावरून येतो.
वर आलात की दीड तास सावलीत.
हा दीड तास कापायचा नाही, कशासाठीच नाही.
रक्त सावकाश विसरतं.

दुसरी बुडी उथळ. तिसरीचं
तुम्ही ठरवा. मी जागा कोरी सोडली आहे.
फेम्के विचारते,
तुम्ही कधी गेला होता तिथं?
एकोणीस वर्षं झाली.
डाव्या कानाचा पडदा फाटला त्या साली.
तेव्हापासून मी समुद्रात उतरत नाही,
समुद्र उतरवून घेते.

सातला गाडीचे दिवे दिसले नाहीत
तर रुबेन्सियो बोट काढेल, त्याला सांगून ठेवलंय.
सात. इथं लिहिते, खाली रेघ मारते.
मी पाचपासूनच दारात असणार,
ते लिहायची गरज नाही.

आणि एक काम.
अठरा मीटरवर, उजव्या हाताला,
मेंदूसारखं एक प्रवाळ आहे,
ट्रॅक्टरच्या चाकाएवढं.
त्याच्या खालच्या कपारीत एक मोरे ईल
म्हातारीसारखी तोंड उघडझाप करत बसायची.
ईल काही उरली नसेल. प्रवाळाचं बघा.
तिकडची पांढरी पडत चाललीत म्हणतात.
म्हणणारे खाली जातात की नाही कोण जाणे.
फोटो नकोत मला. तोंडानं सांगा.
कुठवर रंग आहे, कुठून नाही,
हातानं दाखवा, या टेबलावर.

वाईट असेल तर आधी जेवा, मग सांगा.
निवडुंगाचं सूप असेल, खारवलेली शेपटी घालून.

आणि हो, कागद हरवू नका.
पाठीमागं बिल आहे.
भरायचं राहिलंय.